खैरूनभाभींची शिवळ

बैल गाडीला जुंपलेला असतो तोवर तो गाडीवानाचा असतो. गाडी सोडली की तो ज्याच्या जागेत उभा असेल त्याच्या गळ्यात पडतो. त्याला सावली लागते, पाणी लागतं आणि शेजारी न मारणारा बैल लागतो. रत्नागिरीच्या बाजारात एका शेठच्या दुकानामागे मोठं आवार होतं. खरेदीला आलेल्या लोकांच्या गाड्या तिथे सुटत. त्या गाड्या आणि बैल सांभाळायचं काम मी केलं. हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं पुष्कळांनी मला ऐकवलं. ऐकवणाऱ्यांनी दुसरं काम मात्र सुचवलं नाही.

माझा नवरा त्याच दुकानाच्या वखारीत हमाल होता. तो तापाने गेला तेव्हा मोठ्या शेठनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "गंगूबाय, आवारात बस. महिन्याला थोडं देईन. कोपऱ्यातली खोली राहायला घे. आणि बैल जे टाकतील ते सगळं तुझं." शेवटचं वाक्य ते हसत बोलले होते. दुकानातली माणसंही हसली. पण पुढे मी जगले ती त्या शेवटच्या वाक्यावर.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाजाराच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरी गुरं नसत, पण जमिनी मातीच्याच असत. त्या सारवायला शेण लागे. लग्नघर, बारसं, सणवार असलं की वरच्या आळीतल्या काकू माझ्या खोलीशी येऊन उभ्या राहत. उरलेल्या शेणाच्या मी शेणी थापी. आवाराच्या मागच्या दगडी गडग्यावर त्या वाळत घाली आणि वाळल्या की खोलीत छपरापर्यंत रचून ठेवी. आमच्याकडे पावसाळा लांब. त्या दिवसांत बाजाराला गाड्या थोड्या येत, आणि शेण वाळवायला ऊन कुठून आणणार? मेपर्यंत जेवढ्या शेणी रचल्या, तेवढ्यावर गणपतीपर्यंत चूल पेटायची. माझीही आणि विकत नेणाऱ्यांचीही.

गाड्या लावण्यात एक अक्कल असते. चिऱ्यांची गाडी फाटकाजवळ घ्यायची, कारण ती जड असते आणि आत रुतली की बाहेर निघत नाही. पेंढ्याची गाडी आत घ्यायची, पण दुसऱ्याच्या बैलांच्या तोंडाशी नाही. रेडे एका बाजूला, पाण्याच्या डोणीपासून लांब, नाहीतर ते पाण्यातच बसायला बघतात. मारका बैल कोणता हे मालक कधी सांगत नाही. "गरीब हाय ओ वैनी, पोरं खेळतात त्याच्याशी," असं जो न विचारता सांगे, त्याचा बैल मी कुंपणाशी बांधायला लावी.

मला बोलायचं भय होतं. माणसं चार असली की माझा आवाज घशातच राही. गाडी कोणाची, कोण घेऊन चाललंय, हे विचारायला बोलावं लागतं. ते टळावं म्हणून मी एक रीत काढली. बैलाची मान जुवात राहावी म्हणून जुवाला लाकडी खुंटी घालतात, तिला शिवळ म्हणतात. गाडी सुटली की मी हात पुढे करी. गाडीवान एक शिवळ काढून माझ्या हातावर ठेवी. ती मी खोलीच्या भिंतीवरच्या खिळ्याला दोरीने अडकवी. जाताना तो आपली शिवळ ओळखून मागे आणि मी देई. शिवळ नाही तर बैल जुंपणार कसा? काम चोख होई आणि तोंड उघडावं लागत नसे.

एकदा एक मास्तर सायकल घेऊन आले. मी सवयीने हात पुढे केला. ते गोंधळले. "बाई, हिला शिवळ नसते." मी हात तसाच ठेवला, कारण मागे घेतला तर काहीतरी बोलावं लागलं असतं. त्यांनी थोडा विचार केला आणि हवा भरायचा पंप काढून माझ्या हातात दिला. पुढे ते दर बाजाराला आपण होऊन पंप काढून देत. आमचं दोघांचं बोलणं असं कधी झालंच नाही.

मोठे शेठ थकले आणि धाकटे शेठ गल्ल्यावर बसू लागले. ते हुशार होते, कष्टाळूही होते. त्यांच्या ध्यानात आलं, की गाड्या आपल्या आवारात सुटतात आणि गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. त्यांनी फाटकावर पाटी लावली. आपल्या दुकानात खरेदी केली तर गाडी फुकट. नाहीतर एक आणा आकार, आणि बारा वाजून गेले की दुप्पट. आकार दिल्याशिवाय मी शिवळ द्यायची नाही. माझ्या न बोलण्याच्या रीतीचं त्यांनी असं कुलूप केलं.

खरेदी केली हे ओळखायला त्यांनी दुकानाच्या गाठोड्यांना लाल सुतळी बांधायला सुरुवात केली. गाडीत लाल सुतळीचं गाठोडं दिसलं की मी शिवळ द्यायची. थोड्याच दिवसांत बाजारात लाल सुतळी हातोहात फिरू लागली. एकाने तर सुक्या बांगड्यांच्या पाटीला लाल सुतळी बांधून आणली. शेठचं दुकान कापडाचं आणि किराण्याचं. मी पाटीकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. "काय वैनी, वास येतो काय?" तो म्हणाला. मी शिवळ दिली.

खैरूनभाभी आल्या त्या वैशाखात. सोमेश्वरच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं घर. नवरा बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होता, वर्षातून एकदा घरी येई. उंच, भरल्या अंगाची बाई. खांद्यावरून चादर घेतलेली, आणि गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात झालेली. गाडी हाकायला धाकू नावाचा कुळवाडी होता.

"गो बाय, बैलांना पानी दाखव हां. ह्या धाकूच्या डोक्यात नाय यायचा," त्या मला म्हणाल्या. धाकू गालात हसला आणि त्याने शिवळ माझ्या हातावर ठेवली. तशी शिवळ मी दुसरी पाहिली नाही. काळी शिसवी, गुळगुळीत, डोक्याला पितळेची टोपी. सारंगाने बोटीवरच्या सुताराकडून करून घेतलेली होती.

लेकीच्या लग्नाची खरेदी होती. भाभी आधी आमच्याच दुकानात गेल्या. मी आवार झाडत होते, पण त्यांचा आवाज मागेपर्यंत येत होता. गुमास्ता ठाणावर ठाण उलगडत होता. "हा रंग जावयाला दावला तर लगीन मोडल रे. दुसरा काढ." असं बराच वेळ चाललं. दुकानाने सरबत दिलं, ते त्या प्यायल्या. मग उठल्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेल्या.

परत आल्या तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं. हमालाच्या डोक्यावर गाठोडी होती, साध्या सुतळीची. फाटकात धाकटे शेठ स्वतः उभे होते. समोरच्या दुकानातून निघालेली एवढी मोठी खरेदी त्यांनी गल्ल्यावरून पाहिली असणार.

"आकार द्यावा लागेल," ते म्हणाले. "बारा वाजून गेलेत. दुप्पट."

"कसला आकार?"

"गाडी उभी केल्याचा. पाटी लावली आहे."

"पाटी मना वाचता येत नाय. धाकूला नाय येत. बैलांना येते काय, विचारून बघा."

आवारातले गाडीवान जवळ सरकले. धाकटे शेठ शांतपणे म्हणाले, "जागा आमची आहे, भाभी. आमच्याकडे माल घेतला असता तर एक पैसा मागितला नसता."

"म्हंजे हा माल पसंत न पडल्याचा दंड हाय."

"दंड नाही. जागा साफ ठेवावी लागते, त्याचा खर्च येतो. तुमच्या बैलांनी काय करून ठेवलंय ते बघा."

त्यांनी बोट दाखवलं तिथे मी होते. त्यांच्याच बैलांचं शेण मी पाटीत भरत होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पदर पुढे ओढला.

भाभी पाटीजवळ आल्या. "ह्याला घाण म्हनतात काय तुमच्यात? घाटावरचा धनगर बकऱ्या घेऊन उतरला की आमी त्याला शेतात बसवून घेतो. का तर खत पडतं. त्याबद्दल शेतवाला धनगराला भात देतो. धनगरानं शेतवाल्याला भात दिलेला तुमी ऐकलाय कधी? माझ्या बैलांनी सकाळपासून तुमची जागा भरली. तुमीच मना द्यायला पायजे."

गाडीवान मोठ्याने हसले. धाकट्या शेठचा चेहरा लाल झाला. "एवढं मोलाचं आहे तर घेऊन जा ते शेण," ते म्हणाले. "पण आकार दिल्याशिवाय शिवळ मिळणार नाही."

"धाकू, गोणपाट आण."

धाकूने गोणपाट धरलं. भाभींनी माझ्या हातातली पाटी घेतली आणि ओतली. मग धाकू कुंपणाशी गेला, निर्गुडीची एक जाड काठी मोडली, कोयत्याने दोन बाजूंनी तासली आणि जुवाच्या भोकात घातली. बैल जुंपला. गाडी निघाली.

इतकं सोपं होतं ते. आजवर कोणाही गाडीवानाला ती काठी मोडता आली असती. कोणी मोडली नव्हती, कारण बाईच्या हातात दिलेली वस्तू मागून घ्यायची असते एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

फाटकातून भाभी ओरडल्या, "शिवळ ठेवा तुमच्याकडं. तुमच्या कापडापेक्षा टिकाऊ हाय."

पुढच्या बाजारापासून माझे दिवस फिरले. प्रत्येक गाडीत एक जादा शिवळ आणि एक गोणपाट येऊ लागलं. "शेठनीच सांगितलंय, शेण घेऊन जा," असं म्हणून गाडीवान आपापल्या बैलांचं शेण भरत. ज्यांना ते नको होतं तेही भरत आणि बाहेर पडल्यावर गटारात टाकत. आकार कोणी देईना. धाकटे शेठ फाटकात उभे राहून बघत आणि आत जात. आपलेच शब्द त्यांना परत घेता येत नव्हते.

मला कोणाचा राग आला नाही. भांडण शेठचं आणि गिऱ्हाइकाचं होतं. पण गडगा रिकामा पडला होता. वरच्या आळीतल्या काकू आल्या, "गंगूबाय, लग्नघर आहे, अंगण सारवायचंय, शेण कुठाय?" मी उद्या म्हटलं. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हटलं. मग त्यांनी येणं सोडलं. खोलीत शेणींची रास कमरेपर्यंतही आली नव्हती आणि आकाशात ढग दिसायला लागले होते. शेण माझं आहे हे धाकट्या शेठना ठाऊकच नव्हतं. मोठ्या शेठनी ते दिलं तेव्हा धाकटे पुण्याला शिकत होते. सांगावं म्हणून मी दोनदा-तीनदा दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. तिथे गिऱ्हाइकं असत. मी परत येई.

पाऊस लागायच्या जरा आधी खैरूनभाभी पुन्हा आल्या. गाडीच्या जुवात अजून तीच निर्गुडीची काठी होती. या वेळी त्या आवारात न थांबता सरळ दुकानात शिरल्या. "माझी शिवळ न्यायला आलंय," त्यांनी सांगितलं. मोठे शेठ त्या दिवशी गादीवर होते. गेल्या महिन्यातला गोंधळ त्यांच्या कानावर आला होता आणि त्यांना तो आवडला नव्हता. त्यांनी मला शिवळ घेऊन बोलावलं.

मी दारात उभी राहिले. दुकानात गिऱ्हाइकं होती, गुमास्ता होता, पायरीशी गाडीवान जमले होते. मोठ्या शेठनी लेकाचं ऐकून घेतलं, भाभींचंही ऐकून घेतलं. मग पानाचा डबा पुढे ओढून म्हणाले, "सोपं आहे. आकार आम्ही सोडला. शेण ज्याचं त्याने न्यावं. फिटंफाट झाली. भाभी, शिवळ घ्या आणि पान खा."

 भाभींनी मान डोलावली. गाडीवान खूश झाले. कोणाचंच काही जात नव्हतं. गुमास्ता ठाण गुंडाळायला लागला. मी शिवळ हातात घट्ट धरून होते. ती द्यायची आणि वळायचं, एवढंच करायचं होतं.

"शेण माझं आहे," मी म्हटलं.

आवाज एवढा खाली आला, की गुमास्त्याने विचारलं, "काय म्हणाली?"

पहिल्यांदा ते तोंडातून निसटलं होतं. आता ते ठरवून बोलायचं होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी शिवळीच्या पितळी टोपीकडे बघत बोलले, "शेण शेठचं नाही. गाडीवानांचंही नाही. आवार मी झाडते, शेण मी उचलते. मोठ्या शेठनी ते मला दिलंय. पावसाळ्याचं पोट आहे माझं त्याच्यावर."

मोठे शेठ सुपारी कातरायचे थांबले. "दिलं होतं खरं," ते हळू म्हणाले. "विसरूनच गेलो होतो."

भाभी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "म्हंजे त्या दिवशी मी तुझी पाटी ओतून नेली?"

"हो."

"नि तू उभी राहून बघत होतीस? तोंड नाय तुला?"

 त्या धाकट्या शेठकडे वळल्या. आता आवाज चढलेला नव्हता. "शेण हिचा. झाडते ही. मग तुमचा साफसफाईचा खर्च कसला ओ?"

"तिला पगार देतो आम्ही," धाकटे शेठ म्हणाले.

"किती?"

त्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी पानाच्या डब्यात पाहिलं. पायरीवर कोणीतरी खोकलं. तो आकडा दुकानात कोणी उच्चारला नाही आणि मीही इथे सांगत नाही.

फाटकावरची पाटी त्याच दिवशी उतरली. भाभी आवारात गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडल्या, "आजपासून ह्या आवारातला शेण गंगूबायचा हाय. कोणी गोनपाट आनला तर त्याच्याच डोक्यावर उलटा करीन!" एका म्हाताऱ्या गाडीवानाने भरलेलं गोणपाट गुपचूप माझ्या खोलीशी आणून ओतलं. दुसरे त्याच्या मागून आले.

आठवड्याने धाकट्या शेठनी मला बोलावलं. ते रागावलेले नव्हते. म्हणाले, "शेण तुझं ठरलं, म्हणजे झाडणंही तुझ्याचसाठी. मग आम्ही पैसे मोजायचे कशासाठी? खोली राहू दे, शेणही तुझंच. पगार मात्र बंद करावा लागेल." त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. गप्प राहिले असते तर पगार राहिला असता आणि शेण गेलं असतं. बोलले म्हणून शेण राहिलं, पगार गेला. त्या पावसाळ्यात मी शेजारच्या खानावळीत भांडी घासली. दसऱ्यानंतर गाड्या सुरू झाल्या आणि गडगा पुन्हा भरला. गाड्या मी पूर्वीसारख्याच लावत राहिले. कोणी सांगितलं नव्हतं, पण रेडे डोणीशी गेले तर ते मलाच निस्तरावं लागलं असतं. शिवळी घेणं मी सोडलं होतं. तरी जुने गाडीवान सवयीने हातावर ठेवत. सायकलवाले मास्तर पंप देत.

मी बोलले त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. दुकानातून बाहेर आल्यावर मी भाभींसमोर शिवळ धरली. त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे तुझ्याकडं. ही घेतली तर भांडान मिटला असा होईल."

दोन दिवसांनी धाकू एकटाच गाडी घेऊन आला. गाडीत एक पाटी होती, वर केळीचं पान झाकलेलं. त्यांच्या गोठ्यातलं ताजं शेण. "भाभी बोलल्या, पाटीला पाटी," तो म्हणाला आणि पाटी उतरवून निघून गेला.

मग दर बाजाराला आमची एक गंमत चाले. भाभींची गाडी सुटली की मी मुद्दाम हात पुढे करी. भाभी म्हणत, "माझी शिवळ हाय तुझ्याकडं. जुनी." आणि पिशव्या घेऊन बाजारात जात. आमच्या दुकानात त्या पुन्हा कधी चढल्या नाहीत. समोरच्या दुकानातली खरेदी मात्र आमच्या आवारातूनच घरी जात राहिली. धाकटे शेठ गल्ल्यावरून ते बघत. पुढे पुढे तेही हसायला लागले.

गावोगाव एसटी जाऊ लागली, माल लॉरीने येऊ लागला, तशा गाड्या कमी होत गेल्या. आवारात दिवसभर एखादी लॉरी उभी असे आणि ती गेली की जमिनीवर तेलाचा काळा डाग राही. मी धाकट्या शेठच्या घरी धुण्याभांड्याचं काम धरलं, पण खोली तीच होती.

एका दुपारी खैरूनभाभी फाटकातून चालत आल्या. धाकू नाही, बैल नाहीत. एसटीने आल्या होत्या. त्यांचे पाय सुजले होते. बाजार उरकून त्या एसटीच्या वेळेची वाट बघत होत्या आणि बसायला जागा शोधत इथवर आल्या होत्या. त्या कोरड्या डोणीच्या कडेवर टेकल्या. त्यांनी तेलाच्या डागाकडे पाहिलं.

"ह्याचं काय थापतेस गो आता?"

मी हसले. आतून पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझी शिवळ हाय?"

"आहे. खिळ्यालाच आहे."

"मग मी हितं बसलेली चालतंय ना? आकार नाय ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी चपला काढल्या, पाय लांब केले आणि एसटीची वेळ होईपर्यंत त्या तिथे बसून राहिल्या.